सुगंधित तंबाखूवर बंदी घातली की शेजारच्या राज्यात सिगारेटची विक्री वाढते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुटखाबंदीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "इथं बंद केलं तर तिकडून येणारच." ते किती खरं, हे तपासायला महाराष्ट्रात नीट आकडे मिळत नाहीत, कारण बंदी घातलेल्या मालाची पावती कुणी फाडत नाही. अमेरिकेत मात्र सिगारेटच्या प्रत्येक पाकिटाचा हिशोब कुठेतरी लागतो. म्हणून खालची बहुतेक उत्तरं तिकडची, मुख्यतः मॅसॅच्युसेट्स आणि त्याच्या शेजाऱ्यांची आहेत. महाराष्ट्राबद्दलचे प्रश्न शेवटाकडे आहेत.

१. स्वादबंदी म्हणजे नक्की कशावर बंदी? तंबाखूवरच का?

नाही. साधी सिगारेट दुकानात मिळतच राहते. बंदी येते ती तंबाखूत मुद्दाम घातलेल्या चवीवर किंवा वासावर: पुदिन्यासारखा थंडावा देणारं मेंथॉल, फळांची चव, व्हॅनिला, लवंग वगैरे. त्यात सगळ्यात जास्त वाद मेंथॉलवर होतो. अमेरिकेत २०२० मध्ये विकल्या गेलेल्या सिगारेटींपैकी सुमारे ३७ टक्के मेंथॉलच्या होत्या. एवढा मोठा हिस्सा एका राज्यातून एका दिवसात बंद झाला की गिऱ्हाईक कुठे गेलं, हा प्रश्न येणारच.

२. मेंथॉलवरच एवढा गदारोळ का? थोडासा थंडावाच तर आहे.

तो थंडावाच काम करतो. घशाला धुराचा चटका कमी लागतो, नवशिक्याला पहिले झुरके सोसवतात आणि सवय लागणं सोपं होतं. शिवाय अमेरिकेत याला वंशाचा पदर आहे. सिगारेट ओढणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी पाचात चार किंवा त्याहून अधिक जण मेंथॉल ओढतात, आणि त्यामागे त्यांच्या वस्त्यांत अनेक दशकं चाललेल्या जाहिराती आहेत. त्यामुळे बंदीवरून त्या समाजाच्या नेत्यांतही मतभेद झाले. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेने बंदीला पाठिंबा दिला. नागरी हक्कांचे कार्यकर्ते अल शार्प्टन यांनी मात्र बंदीमुळे पोलिसांना त्रास द्यायला आणखी एक निमित्त मिळेल अशी भीती मांडली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून पोलिसांनी धरलेले कृष्णवर्णीय एरिक गार्नर त्या झटापटीत मरण पावले. ती घटना लोक विसरलेले नाहीत.

३. अमेरिकेत ही बंदी देशभर आहे की राज्याराज्यांत वेगळी?

दोन्ही. २००९ च्या केंद्रीय कायद्याने सिगारेटमधले बाकी सगळे स्वाद देशभर बंद केले आणि मेंथॉल तेवढं वगळलं. त्यावरून इंडोनेशियाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. आमची लवंगेची सिगारेट बंद आणि तुमच्याच देशात बनणारी मेंथॉलची चालू, हा कुठला न्याय? २०१२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या बाजूने लागला. पुढे २०२२ मध्ये केंद्रीय अन्न व औषध प्रशासनाने मेंथॉलबंदीचा मसुदा काढला, तो लांबत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. म्हणजे मेंथॉलचा निर्णय राज्यांवर आणि शहरांवर राहिला. सीमेचा सगळा खेळ इथूनच सुरू होतो.

४. मग उदाहरण म्हणून मॅसॅच्युसेट्सच का घेता?

मेंथॉलसकट सगळा स्वादयुक्त तंबाखू राज्यभर बंद करणारं ते पहिलं राज्य. राज्यपाल चार्ली बेकर यांनी २७ नोव्हेंबर २०१९ ला कायद्यावर सही केली. स्वादाच्या ई-सिगारेटी लगेच बंद झाल्या, मेंथॉल सिगारेटी १ जून २०२० पासून. दुसरं कारण भूगोलाचं. राज्य लहान, समुद्राची बाजू सोडली तर सगळीकडे वेगळी राज्यं, आणि बॉस्टनहून गाडीने तासाभरात न्यू हॅम्पशायरची हद्द लागते. सातारकराला पुण्याला जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. पण खरं कारण तिसरं आहे: त्याच्या दोन शेजाऱ्यांचे सिगारेटवरचे कर एकमेकांच्या अगदी उलट होते. त्यामुळे स्वादासाठी गेलेलं गिऱ्हाईक आणि स्वस्ताईसाठी गेलेलं गिऱ्हाईक वेगळं ओळखता येतं (प्रश्न ७ पाहा).

५. बंदीनंतर मॅसॅच्युसेट्समध्ये विक्री किती घटली?

जानेवारी २०२२ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने बंदी नसलेल्या राज्यांशी तुलना करून आकडे दिले. दर हजार लोकसंख्येमागे, चार आठवड्यांच्या हिशोबाने, मेंथॉलची सुमारे ३७२ पाकिटं कमी झाली, साध्या सिगारेटची सुमारे १२० वाढली आणि एकूण विक्री सुमारे २८३ पाकिटांनी घटली. (वजाबाकी तंतोतंत जुळत नाही, कारण तिन्ही अंदाज वेगवेगळे काढलेले आहेत. हा प्रश्न दर वेळी येतो म्हणून आधीच सांगतो.)

यातला १२० चा आकडा महत्त्वाचा. काही मेंथॉलवाले तिथल्या तिथे साध्या सिगारेटकडे वळले, त्यांना कुठे जावं लागलं नाही. उरलेल्यांपैकी किती जणांनी सोडली आणि किती जण गाडी काढून हद्दीपार गेले, हे या आकड्यांतून कळत नाही. एका राज्याच्या गल्ल्यात डोकावून ते कळणारही नाही.

६. ती सगळी विक्री न्यू हॅम्पशायरला गेली, म्हणजे बंदीचा उपयोग शून्य. बरोबर?

हे वाक्य मला जवळपास शब्दशः इतक्यांदा आलंय की त्याचे तुकडे करूनच उत्तर देतो.

'गेली' हे खरं आहे. टॅक्स फाउंडेशन या कर-अभ्यास संस्थेने कराच्या शिक्क्यांचे आकडे (प्रश्न ८ पाहा) मांडून दाखवलं की बंदीनंतरच्या वर्षात मॅसॅच्युसेट्सची विक्री साधारण पाव हिश्शाने घटली आणि न्यू हॅम्पशायर व ऱ्होड आयलंड या दोन्ही ठिकाणी ती ठळकपणे वाढली. सेलम, नॅशुआ, सीब्रुक ही न्यू हॅम्पशायरची गावं महामार्गावर, अगदी वेशीवर आहेत. तिथली दुकानं पूर्वीपासूनच दक्षिणेकडून, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधून, येणाऱ्या गिऱ्हाइकावर जगतात.

'सगळी' या शब्दाशी मात्र सावध राहा. एक तर टक्केवारी फसवते. मॅसॅच्युसेट्सची लोकसंख्या सत्तर लाख, न्यू हॅम्पशायरची चौदा लाखांच्या आसपास, ऱ्होड आयलंडची अकरा. मोठ्या राज्यातली घट आणि छोट्यातली वाढ टक्क्यांत शेजारी-शेजारी ठेवली की नजर चुकते, म्हणून पाकिटंच मोजावीत. त्यात २०२० हे करोनाचं वर्ष. अमेरिकेत सिगारेटची एकूण विक्री त्या वर्षी वीस वर्षांत पहिल्यांदा किंचित वाढली, २०२.९ अब्जांवरून २०३.७ अब्जांवर. लोक घरी अडकले, कंटाळले, हातात सरकारी मदतीचे पैसे होते. न्यू हॅम्पशायरची काही वाढ बंदी नसती तरीही झाली असती. शेजारी जेवढं वाढलं तेवढं सगळं बंदीच्या नावावर मांडणं म्हणजे पावसाळ्यात विहिरीला पाणी वाढलं की सगळं श्रेय नव्या पंपाला देण्यासारखं.

आणि 'उपयोग शून्य'? वैद्यकीय अभ्यासक फक्त बंदीच्या राज्याचा आकडा वाचतात तेव्हा परिणाम खऱ्याहून मोठा दिसतो. विरोधक शेजाऱ्याची सगळी वाढ धरतात तेव्हा तो खऱ्याहून छोटा दिसतो. तिन्ही राज्यांची पाकिटं एकत्र मांडून, देशाचा कल वजा करून जे उरतं तोच परिणाम. तो राज्याच्या आकड्याइतका मोठा नाही, पण शून्यही नाही, असं माझं वाचन आहे.

७. न्यू हॅम्पशायरला लोक स्वस्ताईसाठी आधीही जायचे. मग बंदीमुळे गेले हे कशावरून?

चांगला प्रश्न, आणि उत्तर ऱ्होड आयलंडमध्ये आहे.

बंदीच्या वेळी मॅसॅच्युसेट्समध्ये पाकिटामागे राज्याचा कर ३.५१ डॉलर होता, वर ६.२५ टक्के विक्रीकर. न्यू हॅम्पशायरमध्ये तो १.७८ डॉलर आणि विक्रीकर नाहीच. दहा पाकिटांच्या कार्टनमागे विक्रीकर न धरताही सतराहून जास्त डॉलर वाचतात. तिथे गर्दी वाढली तर स्वस्ताईमुळे की स्वादामुळे, हे सांगणं अवघड. पण ऱ्होड आयलंडमध्ये कर ४.२५ डॉलर होता, म्हणजे मॅसॅच्युसेट्सहून ७४ सेंटने जास्त. स्वस्ताई बघणारा तिकडे फिरकणारच नाही. तरीही बंदीनंतर तिथली विक्री वाढली. जास्त पैसे मोजून मॅसॅच्युसेट्सच्या ॲटलबरोहून ऱ्होड आयलंडच्या पॉटकेटला जाणारा माणूस मेंथॉलसाठीच जातो.

न्यू हॅम्पशायरच्या वाढीत मात्र दोन्ही कारणं मिसळलेली आहेत. मेंथॉलसाठी एकदा तिथवर गेलेला माणूस बायकोची साधी सिगारेटही तिथूनच घेतो, दारूही घेतो. स्वादबंदीमुळे साध्या सिगारेटचं गिऱ्हाईकही असं हद्दीपार जातं.

८. हे आकडे येतात कुठून? भरवसा कशावर ठेवायचा?

दोन वाटा आहेत. ठोक व्यापारी प्रत्येक पाकिटावर लावायचे कराचे शिक्के राज्याकडून विकत घेतो. ते मोजले की राज्यातली कायदेशीर विक्री जवळजवळ पूर्ण कळते, पण पाकीट मेंथॉलचं की साधं हे कळत नाही. शिवाय व्यापारी कधी आधीच साठा करतो, त्यामुळे महिन्याचा आकडा उड्या मारतो. दुसरी वाट दुकानातल्या बारकोड यंत्राची. तिथे ब्रँड आणि चव दोन्ही कळतात, पण मुख्यतः मोठ्या साखळी दुकानांची. कोपऱ्यावरचं एकट्या मालकाचं दुकान त्यात नीट येत नाही, आणि बंदी मोडून गल्ल्याखालून विकणारा असलाच तर तो तिथेच असतो. एकच अभ्यास वाचायचा असेल तर आधी बघा की तुलनेसाठी घेतलेल्या राज्यांत शेजारची राज्यं आहेत का. असतील तर त्यांची फुगलेली विक्रीही बंदीच्या राज्याची घट म्हणून मोजली जाते.

९. सरकारचा महसूल बुडाला का?

बुडाला. हद्दीपार घेतलेल्या प्रत्येक पाकिटामागे मॅसॅच्युसेट्सचे ३.५१ डॉलर आणि विक्रीकर गेला, आणि न्यू हॅम्पशायरला १.७८ मिळाले. ज्याने सिगारेट खरंच सोडली त्याचाही कर गेला, पण तो गेला म्हणून आरोग्यखात्याने रडायचं कारण नाही. वर्तमानपत्रं दोन्ही एकत्र करून 'इतके कोटी बुडाले' असा मथळा देतात.

१०. विक्री घटली म्हणजे ओढणारे घटले, असं धरायचं का?

थेट नाही. त्यासाठी माणसांना विचारावं लागतं, आणि ते कॅनडात चांगलं झालंय. नोव्हा स्कोशियाने ३१ मे २०१५ पासून मेंथॉल बंद केलं, मग एकेक प्रांत करत गेला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये देशभर बंदी आली. बंदीआधी मेंथॉल ओढणाऱ्यांनाच नंतर पुन्हा विचारलं, तेव्हा साधारण ५९ टक्के साध्या सिगारेटकडे वळले होते, सुमारे २१.५ टक्क्यांनी सोडली होती आणि १९.५ टक्के अजूनही मेंथॉलच ओढत होते. ती मुख्यतः मूळनिवासींच्या राखीव प्रदेशांतल्या दुकानांतून येत होती. देशभर बंदी असूनही देशाच्या आतच एक 'शेजारचं राज्य' शिल्लक राहिलं होतं.

पाचातल्या एकाने सोडणं ही तंबाखूच्या क्षेत्रात मोठी गोष्ट आहे. पण साध्याकडे वळलेल्या तिघांसाठी बंदीने फक्त पाकिटाचा रंग बदलला.

११. राज्याऐवजी एखाद्या शहराने बंदी घातली तर?

हद्द जेवढी जवळ तेवढी गळती जास्त. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी जून २०१८ मध्ये स्वादबंदी मान्य केली, पण शहराच्या दक्षिण टोकाला रस्ता ओलांडला की डेली सिटी. मिनीॲपोलिसने वेगळा मार्ग घेतला: २०१८ पासून मेंथॉल फक्त तंबाखूच्या आणि दारूच्या दुकानांत मिळेल. त्यावर काही किराणावाल्यांनी दुकानात भिंत घातली, वेगळं दार काढलं आणि निम्म्या भागाला तंबाखूचं दुकान केलं. दुकानदार कुठलाही असो, डोकं सारखंच चालतं.

१२. सगळ्या शेजाऱ्यांनी एकाच दिवशी बंदी घातली तर प्रश्नच मिटला?

सीमेचा प्रश्न बराच मिटतो. युरोपीय संघाने २० मे २०२० पासून सगळ्या सदस्य देशांत मेंथॉल सिगारेट बंद केली, ब्रिटनमध्येही त्याच दिवशी. पोलंडसारख्या मेंथॉलप्रेमी देशातल्या माणसाला जर्मनीत जाऊन काही मिळणार नव्हतं. मग पळवाट मालातूनच निघाली: पाकिटात सरकवायचं मेंथॉलचं कार्ड, मेंथॉलची छोटी सिगार, तापवून ओढायच्या तंबाखूच्या स्वादाच्या कांड्या. त्या कांड्यांवर नंतर वेगळा निर्णय घ्यावा लागला.

१३. 'मेंथॉल नाही' असं लिहिलेली पण थंड लागणारी सिगारेट कशी काय विकतात?

कॅलिफोर्नियाचा किस्सा. तिथला कायदा ऑगस्ट २०२० चा, पण तंबाखू कंपन्यांनी सह्या गोळा करून तो सार्वमताला नेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ६३ टक्के लोकांनी बंदीला कौल दिला आणि २१ डिसेंबरपासून ती लागू झाली. लगोलग नव्या पाकिटांतल्या सिगारेटी आल्या. त्यात मेंथॉल नव्हतं, पण जिभेला तसाच गारवा देणारं दुसरं रसायन होतं. त्याला वास नाही, चव नाही, फक्त गारवा. 'चव' या शब्दावर बांधलेला कायदा तिथे अडला. २०२४ मध्ये राज्याने गारव्याची जाणीवही व्याख्येत घातली. अशी पाकिटं राज्यातच मिळू लागली की हद्दीपार जाणारे कमी होतात, म्हणून कॅलिफोर्नियात 'शेजारी विक्री वाढली नाही' असं दिसलं तरी बंदी यशस्वी झाली असं लगेच म्हणता येत नाही.

१४. फक्त वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, स्वादांवर बंदी घातली तर सिगारेट वाढते का?

काही प्रमाणात वाढते, असं येल विद्यापीठातल्या अबिगेल फ्रीडमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवलं. बंदीमुळे वेपच्या एका छोट्या पॉडइतकी (द्रवाच्या कुपीइतकी) विक्री कमी झाली तर सिगारेटी साधारण १२ ते १५ जास्त खपल्या, असा त्यांचा अंदाज. या निष्कर्षावर वाद आहेत. पण वेप बंद करून मेंथॉल सिगारेट चालू ठेवणं ही मला तरी उलटी गंगा वाटते. मॅसॅच्युसेट्सने दोन्ही बंद केलं, न्यूयॉर्क राज्याने २०२० मध्ये फक्त वेपचे स्वाद.

१५. मी बॉस्टनला राहतो. नॅशुआहून स्वतःसाठी मेंथॉलचं कार्टन आणलं तर गुन्हा होतो का?

स्वादबंदीचा कायदा विकणाऱ्याला बांधतो, ओढणाऱ्याला नाही. दुकानदाराला पहिल्या वेळी १,००० डॉलर, मग २,००० आणि ५,००० दंड. पण तीच पाकिटं आणून ऑफिसात किंवा शेजाऱ्याला विकलीत तर तुम्ही विकणारे झालात, आणि त्यात कर बुडवण्याचा भाग वेगळा. शिवाय ज्या राज्यात माल सापडला तिथला शिक्का नसलेल्या दहा हजारांहून अधिक सिगारेटी, म्हणजे पन्नास कार्टनांहून जास्त, बाळगल्या तर केंद्रीय कायद्याने ती तस्करी ठरते. मॅसॅच्युसेट्समध्ये बेकायदा तंबाखूवर नजर ठेवायला अनेक खात्यांचं संयुक्त पथक आहे. ही माहिती आहे, वकिलाचा सल्ला नाही.

१६. महाराष्ट्रातल्या गुटखाबंदीची गोष्ट हीच ना?

अर्धी. मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये सुरुवात केली, महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा आणि पानमसाला बंद केला आणि २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावा हेही त्यात आले. आदेश वर्षाचा असतो आणि दर वर्षी नव्याने काढावा लागतो. गोव्यात गुटखाबंदी त्याआधीची, २००५ च्या कायद्याची. गुजरात आणि कर्नाटकानेही गुटखा बंद केला, म्हणजे कागदावर चित्र युरोपासारखं, सगळे शेजारी एका बाजूला.

फरक दोन. जीएसटी आल्यापासून तंबाखूवरचा कर देशभर सारखा, त्यामुळे न्यू हॅम्पशायरसारखा स्वस्त शेजारी इथे नाही. (दारूचं तसं नाही. गोव्याहून परतताना बॅगेत बाटली का येते हे सांगायला नको.) दुसरं, जुळी पुडी. पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, दोन्ही तोंडात एकत्र. गुटखा बंद असलेल्या शेजारच्या राज्यात या दोन पुड्या वेगवेगळ्या विकता आल्या की निपाणीच्या बाजूने किंवा गुजरातच्या हद्दीतून माल येणारच. विदर्भात तर खर्रा ठेल्यावर समोर घोटून मिळतो. तिथे आत येतो तो त्यात पडणारा सुगंधित तंबाखू.

१७. मग महाराष्ट्रात मेंथॉल सिगारेटही बंद आहे का?

नाही. वरचे आदेश अन्नकायद्याखालचे, तोंडात चघळायच्या पदार्थांचे. सिगारेट अन्न नाही. भारतात मेंथॉल, लवंग किंवा दाबली की फुटणारी गोळी असलेल्या सिगारेटवर देशव्यापी बंदी नाही. ई-सिगारेट मात्र २०१९ पासून देशभर बंद, स्वाद असो-नसो. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट-विडी विकायला मनाई केली, तिचं काय झालं ते कुठल्याही टपरीवर उभं राहून पाहता येतं.

१८. हुक्क्याचं काय? त्याला तर स्वादाशिवाय मजाच नाही.

म्हणूनच त्याला बहुतेक ठिकाणी खिडकी ठेवलेली असते. मॅसॅच्युसेट्समध्ये परवाना असलेल्या धूम्रपान-बारमध्ये स्वादाचा तंबाखू मिळतो, पण तिथेच बसून ओढायचा, घरी न्यायचा नाही. कॅलिफोर्नियाने हुक्क्याचा तंबाखू आणि महागडे सिगार काही अटींवर वगळले. मेंथॉलवाल्याला या खिडकीचा उपयोग नाही. रोज पाकीट संपवणारा माणूस प्रत्येक सिगारेटीसाठी बारमध्ये जाऊन बसत नाही, तो पॉटकेटला जातो.